टिळकांचं समाधान, लक्ष्मीबाईंचा हिशेब

मागच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, आमच्या घरी पॉटलक होतं. बॉस्टनच्या ज्या उपनगरात आम्ही राहतो तिथे बरीच मराठी कुटुंबं आहेत, आणि महिन्या-दोन महिन्यांतून कुणाकडे तरी जमायचं हा शिरस्ता आहे. जेवणं झाली, कॉफी आली आणि गप्पा नेहमीच्या वळणावर गेल्या. घरकर्जाचा दर, कुणाच्या कंपनीत झालेली कपात, कुणाचे शेअर कधी हातात येणार, मुलांच्या कॉलेजसाठी किती साठवायला हवं. अशा गप्पांत माझ्यासारख्या पोस्टडॉकला फारसं काही बोलायचं नसतं. मग कुणीतरी आपुलकीने विचारलंच, "अजून किती वर्षं रे हे?"

प्रश्न मला झोंबला, कारण त्याच महिन्यात एका औषध कंपनीची नोकरी मी नाकारली होती. पगार आताच्या दुपटीहून जास्त होता. नाकारण्यामागे संशोधनाचं प्रेम होतं आणि थोडा तोराही होता. त्या तोऱ्यातच मी एक छोटं भाषण ठोकलं. समाधान पैशात नसतं, आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखी माणसं होऊन गेली, त्यांनी ख्रिस्तावरच्या श्रद्धेपायी होतं-नव्हतं ते सोडलं, हातातलं देऊन टाकलं आणि आनंदात राहिले, वगैरे. लोकांनी सौजन्याने माना डोलावल्या.

सगळे गेल्यावर भांडी विसळताना बायको म्हणाली, "टिळकांचं छान सांगितलंस. पण ते असे होते हे तुला सांगितलं कुणी?"

"'स्मृतिचित्रे'त आहे की."

"म्हणजे त्यांच्या बायकोने," ती म्हणाली आणि नळ बंद केला.

त्यानंतरच्या सुट्टीत मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचलं. हा लेख त्या वाचनाचा आहे. तुमच्यापैकी अनेकांनी हे पुस्तक वाचलं असेल, निदान शाळेच्या पाठ्यपुस्तकात त्यातला एखादा उतारा भेटला असेल. तरी एक विनंती आहे. ते पुन्हा उघडा, आणि या वेळी घरातला पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्याची काळजी कोण करतं, एवढ्यावरच नजर ठेवून वाचा. पुस्तक वेगळंच दिसू लागतं.

आधी थोडी उजळणी. नारायण वामन टिळक (लोकमान्य नव्हेत, 'केवढे हे क्रौर्य'वाले, फुलामुलांचे कवी टिळक) यांचा जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारून गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. मग त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 मध्ये वारले. 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालं आणि 1936 मध्येच लक्ष्मीबाईही गेल्या.

शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं हे पुस्तक मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणलं जातं. त्याच्या विनोदाबद्दल आणि भाषेच्या सहजतेबद्दल भरपूर लिहून झालं आहे. पण पैसा आणि श्रद्धा यांचं त्यातलं नातं आपण जरा घाईने ओलांडतो असं मला वाटतं. टिळकांचा कफल्लकपणा आपण गंमत म्हणून वाचतो आणि ख्रिस्ती श्रद्धेची पानं चरित्रातली एक घटना म्हणून. दोन्ही एकत्र ठेवून वाचलं, तर माझ्यासारख्याला अडचणीत आणणारं काहीतरी हाती लागतं.

टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. नोकरी लागली की काही दिवसांनी सुटे, किंवा ते सोडत. मनात आलं की न सांगता निघून जात. कुणी मागितलं की देत. घरात पाहुणे, विद्यार्थी, दुष्काळात आणि साथीत पोरकी झालेली मुलं. हे सगळं करणारा माणूस खरोखर आनंदी होता, यात शंका नाही. ख्रिस्ती होण्याआधीही स्वभाव तसाच होता. श्रद्धेने त्या स्वभावाला दिशा दिली एवढंच. पूर्वीचा बेफिकीरपणा सेवेकडे वळला. शेवटी 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांसाठी तो खुला होता. आपण ख्रिस्ती संन्यासी आहोत अशी त्यांची धारणा होती. माझ्या पॉटलकच्या भाषणात टिळक होते ते एवढेच.

आता हीच हकिगत जिच्या घरात घडत होती तिच्या बाजूने पाहा. उद्या काय शिजवायचं हा प्रश्न रोज तिच्यापुढे. संन्यास घेणाऱ्याला बायकोमुलं असतील तर त्या संन्यासाचा खर्च कोण भरतं? लक्ष्मीबाई हा प्रश्न अशा शब्दांत कधीच विचारत नाहीत. त्या फक्त प्रसंग सांगतात, आणि सांगताना हसतात. पण त्या हसण्यात हिशेब सुटलेला नाही. काय गेलं, काय उरलं, कुणाकडून उसनं आणलं, हे त्यांना तीस-चाळीस वर्षांनंतरही आठवतं. ज्याला घर चालवावं लागत नाही, त्याला हे तपशील आठवत नाहीत. टिळकांनी आत्मचरित्र लिहिलं असतं, तर त्यात डाळ-तांदूळ आले असते का, याचा विचार करून पाहा.

इथे आपली जुनी परंपरा आठवते. तुकाराम महाराजांची उसाच्या मोळीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. कुणीतरी महाराजांना ऊस दिले, वाटेत पोरं भेटली, महाराजांनी ऊस वाटून टाकले आणि उरलेला एक घेऊन घरी आले. आवलीने रागाने तोच त्यांच्या पाठीत मारला, त्याचे दोन तुकडे झाले, आणि महाराज हसून म्हणाले की बरं झालं, तुझा एक आणि माझा एक. कीर्तनात या ठिकाणी हमखास हशा येतो. घरात लेकरं उपाशी आहेत ही गोष्ट त्या हशात बुडते. त्याच तुकारामांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, हे त्याच कीर्तनात थोडं आधी सांगून झालेलं असतं, पण दोन गोष्टींची सांगड कुणी घालत नाही. आवली कजाग ठरली ती ठरलीच. तिची बाजू लिहायला कुणी बसलं नाही, आणि तिला लिहिता येत नव्हतं.

टिळक स्वतः म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. मग मी म्हणेन की लक्ष्मीबाई 'स्मृतिचित्रे'कडे आल्या त्या आवलीच्या पुलावरून. संताच्या बायकोने स्वतः लेखणी धरली, असं माझ्या वाचनातलं मराठीतलं हे पहिलं पुस्तक. याआधी, 1910 मध्ये, रमाबाई रानड्यांच्या आठवणी आल्या होत्या. पण ते घर सुस्थितीतलं, आणि लेखणी कायम हात जोडून उभी. रमाबाई नवऱ्याचा उल्लेख 'स्वतः' असा आडून करतात. लक्ष्मीबाई सरळ 'टिळक' म्हणतात, पानामागून पान. या एका शब्दाने पुस्तकाला मोठी मोकळीक मिळाली आहे. 'टिळक' म्हटलं की माणसावर प्रेम करता येतं, त्याच्यावर रागावता येतं, त्याची थट्टा करता येते आणि त्याच्या नावावर खर्चही मांडता येतो. 'स्वतः' म्हटलं की यातलं पहिलंच तेवढं जमतं.

मग हे पुस्तक तक्रारीचं आहे का? मुळीच नाही. पुन्हा वाचताना मला अडवलं ते इथे. लक्ष्मीबाई हिशेब विसरत नाहीत, आणि तरीही समाधानी आहेत. हे समाधान टिळकांचं उसनं घेतलेलं नाही. ते त्यांना वेगळ्या वाटेने मिळालं, आणि ती वाट पैशावरून जात नाही.

ती वाट समजायला त्यांचं माहेर आठवावं लागतं. वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. सत्तावन्नच्या बंडानंतर घरातल्या एका जवळच्या माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर विटाळाच्या भीतीने वडिलांचं मन झाकोळलं, असं त्या सांगतात. त्या वेडापायी सगळ्या घराची जी फरफट झाली, तिचं वर्णन हसवतं आणि अंगावरही येतं. अशा घरात वाढलेल्या मुलीपाशी पैसा नव्हता, शिक्षण नव्हतं. मग तिची कमाई कोणती? सोवळं. ब्राह्मण गरीब असला तरी त्याच्या गरिबीला गावात मान होता. पंगतीत पान होतं, विहिरीवर हक्क होता, पंढरपूरला किंवा नाशिकला जाऊन राहायला नातेवाइकाचं दार होतं. ही संपत्ती कुठल्याही वहीत लिहिलेली नसते, पण अडीअडचणीला ती पैशाहून जास्त उपयोगी पडते. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाईंनी जी वर्षं माहेरच्या आधाराने काढली, ती याच संपत्तीवर.

म्हणून मला पुस्तकाचं मर्म टिळकांच्या बाप्तिस्म्यात न दिसता राहुरीच्या त्या प्रसंगात दिसतं, जिथे लक्ष्मीबाईंच्या मनात अचानक प्रश्न उभा राहतो की हे जातिभेद देवाने केले की माणसाने. उत्तर मिळतं आणि त्या क्षणापासून कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या तयार होतात. गंमत बघा, इथे टिळक जवळपास नाहीत. कुणी उपदेश केलेला नाही, कुणी वाद जिंकलेला नाही. ज्या एकाच गोष्टीवर त्यांचं समाजातलं स्थान उभं होतं, ती गोष्ट त्यांनी स्वतः खाली ठेवली. टिळकांनी पैसा सोडला, पण पैसा त्यांना कधी फार जवळचा नव्हताच. लक्ष्मीबाईंनी जे सोडलं ते त्यांना जिवापलीकडचं होतं. त्यानंतर पुस्तकाचा सूर बदलतो. ज्या पोरक्या मुलांमुळे आधी घरात खायला तोंडं वाढत होती, त्यांना त्या आता आपण होऊन जवळ घेतात. आजाऱ्यांची शुश्रूषा करतात, सभेत उभं राहून बोलतात. खर्च तोच आहे, कदाचित वाढलेलाच. पण आता तो त्यांनी स्वतः पत्करलेला आहे. टिळकांच्या मागे सतरा वर्षं त्या जगल्या, आणि टिळकांनी अर्धवट टाकलेल्या 'ख्रिस्तायना'चे बहुतेक अध्याय त्यांनीच लिहून पुरे केले.

मी ख्रिस्ती नाही. श्रद्धेच्या बाबतीत आमच्या घरात गणपती, आषाढी एकादशी आणि थोडा संशय एवढंच आहे. त्यामुळे हे वाचताना मी बायबलही काढून बसलो, कारण समाधान हा शब्द या धर्मात नक्की कुठून येतो हे मला पाहायचं होतं. नव्या करारात फिलिप्पैकरांस लिहिलेलं पौलाचं पत्र आहे. भरपूर असो वा टंचाई असो, आहे त्या स्थितीत तृप्त राहायला आपण शिकलो आहोत, असं तो चौथ्या अध्यायात सांगतो. प्रवचनांतून हे वाक्य फार ऐकू येतं. पण आजूबाजूच्या ओळी वाचल्या तर दिसतं की पौल त्या वेळी कैदेत आहे, आणि फिलिप्पैच्या मंडळीने एका माणसाहाती मदत पाठवली आहे, तिची तो पोच देतो आहे. म्हणजे समाधानाबद्दलचं हे विधान पैसे मिळाल्याच्या पावतीत आलेलं आहे! शिवाय तो 'शिकलो' म्हणतो. जन्मजात बेफिकिरी निराळी आणि शिकून आलेलं समाधान निराळं. टिळकांकडे पहिली भरपूर होती. दुसरं कसं शिकतात, हे लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात दिसतं.

आणि पावतीवरून आठवलं, टिळकांच्या घरात येणारा पैसा कुठून येत होता? आपल्याला, म्हणजे इथे राहणाऱ्यांना, हा प्रश्न पडायला हवा, कारण उत्तर आपल्या अंगणात आहे. अमेरिकन मराठी मिशन चालवणारं अमेरिकन बोर्ड बॉस्टनचं. त्यांचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईला पोचले, 1831 पासून अहमदनगरला त्यांचं ठाणं झालं, 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाला. याच 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन पुढे टिळकांकडे आलं. त्या बोर्डाची कागदपत्रं आज हार्वर्डच्या हूटन ग्रंथालयात आहेत, माझ्या रोजच्या बसच्या वाटेवर. न्यू इंग्लंडमधल्या पांढऱ्या मनोऱ्यांच्या चर्चमध्ये रविवारी जी थाळी फिरे, तिच्यातली नाणी शेवटी नगरच्या शाळेत, दवाखान्यात आणि देशी सेवकांच्या पगारात पोचत. त्या पगारात आणि गोऱ्या मिशनऱ्याच्या पगारात मोठं अंतर असे, हेही खरं. पैसा सोडून श्रद्धेत समाधान मानणारं ते घर दूरच्या कुणाच्या तरी पैशावर उभं होतं. टिळकांना ही बोच असावी. आयुष्याच्या शेवटी त्यांनी मिशनचा पगार सोडला, त्याचं एक कारण मला तरी यातच दिसतं. परक्याच्या पैशाबरोबर परक्याचा शब्दही येतो, हे या मानी कवीला कळलं नसेल असं वाटत नाही.

बॉस्टनच्या पैशाचा असाच अनुभव आणखी एका मराठी बाईने घेतला, आणि तिने त्यातून वेगळी वाट काढली. पंडिता रमाबाई 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आल्या त्या आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदान समारंभासाठी, आणि 1888 पर्यंत राहिल्या. बालविधवांच्या शाळेसाठी त्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली. 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि दहा वर्षं मदत करण्याचं ठरलं. परत गेल्यावर 1889 मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' लिहिलं. आपल्यापैकी प्रत्येकाने ते एकदा वाचावं. अमेरिकेच्या समृद्धीचं त्यांना कौतुक आहे, पण त्यांची नजर खिळते ती बायकांच्या संस्थांवर, थोड्या-थोड्या पैशांतून उभ्या राहिलेल्या कामांवर. आणि काळ्यांना व मूळ रहिवाशांना इथे कसं वागवलं जातं, हेही त्या लिहायला विसरत नाहीत.

पण या मदतीला अटी होत्या. शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता हवी होती. 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात वादळ उठलं आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. 1898 मध्ये दहा वर्षांची मुदत संपली. केडगावला 'मुक्ती' उभं राहत होतं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली होत्या, पुढे आणखी आल्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने कुणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवला होता. त्याचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं आणि त्याच वाटेने जायचं त्यांनी ठरवलं. 1907 मध्ये त्यांनी आपली साक्ष प्रसिद्ध केली, तिच्या इंग्रजी नावाचा अर्थच 'आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष' असा होतो. मात्र देवावर भरवसा ठेवला म्हणून त्यांनी वही मिटली नाही. केडगावला शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता, विणकाम होतं. श्रद्धा आणि हिशेबाची वही एकाच हातात.

याचं मूळ रमाबाईंच्या बालपणात आहे असं मला वाटतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जवळची सगळी संपत्ती तीर्थयात्रा, दानधर्म आणि अनुष्ठानांत घालवली. देव परत देईल ही आशा होती. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील अन्नावाचून गेले. देवाला दिलं की देव दामदुप्पट देतो, या व्यवहाराचा शेवट त्या मुलीने डोळ्यांनी पाहिला होता. पुढे ती ख्रिस्ती झाली तेव्हा तिने देवाशी तसला व्यवहार केला नाही. मुलींना पोसायचं तर विहीर खणायची, आणि पाणी लागावं म्हणून प्रार्थनाही करायची.

अमेरिकेत राहून हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण देवाशी व्यवहार करणारी ख्रिस्ती श्रद्धा इथे भरपूर विकली जाते. तुम्ही दान द्या, देव तुम्हाला घर, गाडी, बढती देईल, असं सांगणारे उपदेशक टीव्हीवर कधीही लावा, भेटतात. ह्यूस्टनला एक चर्च तर पूर्वीच्या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये भरतं. आपले काही लोक याला हसतात. हसू नये. परीक्षेआधी नवस बोलणारे, व्हिसासाठी हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला प्रदक्षिणा घालणारे आपणही त्याच दुकानाचे गिऱ्हाईक आहोत. टिळक, लक्ष्मीबाई आणि रमाबाई या तिघांची श्रद्धा या दुकानाबाहेरची आहे. देवाने त्यांना श्रीमंत केलं नाही, आणि त्यांनी तशी अपेक्षाही ठेवली नाही.

'स्मृतिचित्रे'बद्दल एक तक्रारही नोंदवतो. लक्ष्मीबाईंचा विनोद कधी कधी त्यांच्याच विरुद्ध काम करतो. जिथे राग यायला हवा तिथे त्या इतक्या छान हसवतात की वाचकाला सुटका मिळते, आणि टिळक पुन्हा 'वेडे पण गोड' होऊन बसतात. मी पॉटलकला टिळकांचं उदाहरण फेकू शकलो ते या सुटकेमुळेच. पहिल्या वाचनात मी हसलो होतो आणि पुढे गेलो होतो. या पुस्तकावर प्रेम करणाऱ्या बहुतेकांनी, मला वाटतं, तेच केलं असेल. शांता गोखले यांनी 2017 मध्ये पुस्तकाचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्याच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाईंना 'तेजस्वी पत्नी' म्हटलं गेलं. इथे वाढलेल्या मुलांच्या हाती तो अनुवाद द्या, मात्र 'पत्नी' या शब्दाशी त्यांना थांबू देऊ नका. तो हिशेब पत्नीपणापासून सुरू होतो, पण संपतो तेव्हा ती बाई स्वतःच्या नावाने उभी असते.

आता माझ्या हिशेबाकडे येतो. पुस्तक मिटल्यावर पहिली गोष्ट मला दिसली ती अशी की मी काहीच सोडलेलं नव्हतं. नाकारलेल्या पगाराच्या बदल्यात मला एक तोरा मिळत होता, 'हा बघा, पैशामागे न लागणारा माणूस'. हे आमचं सोवळं. पदवी, विद्यापीठाचं नाव, 'ज्ञानासाठी झिजणं' ही माझी पंगतीतली जागा, आणि ती मी घट्ट धरून बसलो होतो. दुसरी गोष्ट, त्या सोवळ्याचा खर्च बायको भरत होती. दोन वर्षं तिला इथे कामाची परवानगी नव्हती. त्या काळातली एक निळी वही तिच्या ड्रॉवरमध्ये आहे. किराणा, बस, फोन, भारतात पाठवलेले पैसे, आणि एका पानावर पुढे ढकललेलं दाताच्या डॉक्टरचं बिल. माझं समाधान त्या वहीवर उभं होतं आणि मी ती कधी उघडून पाहिली नव्हती.

नोकरीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. कंपनीने जागा दुसऱ्याला दिली. तो प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला. मी अजून प्रयोगशाळेतच आहे, आणि ते काम मला आवडतं. पण आता रविवारी सकाळी चहा झाला की आम्ही दोघं ती वही घेऊन बसतो. पहिल्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने आकडे वाचू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "हळू वाच, यातला प्रत्येक आकडा मला पाठ आहे." दाताचं बिल गेल्या महिन्यात दिलं.

पुढच्या पॉटलकला समाधानावर बोलायची वेळ आली, तर मी टिळकांचं नाव घेणार नाही असं नाही. घेईन. पण आधी लक्ष्मीबाईंचं घेईन, आणि बोलण्याआधी स्वयंपाकघराकडे एकदा पाहून घेईन.